एकापेक्षा जास्त माइक लावताना या चुका टाळा

दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला जोडायचे आणि प्रसारण सुरू करायचं, ही मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. सुरुवातीला सगळं सुरळीत वाटतं. मग एकाचा आवाज किंचित मागे पडतो किंवा मध्येच टक्‌टक्‌ ऐकू येतं. प्रत्येक यूएसबी माइक आपापल्या घड्याळावर चालतो, आणि दोन घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. लाखामागे पाचचा फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं. म्हणून जितकी माणसं बोलणार, तितके एक्सएलआर इनपुट (तीन पिनांच्या माइक-केबलची जागा) असलेला एकच ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, घ्या, असं माझं ठाम मत आहे. मॅकमध्ये दोन्ही माइकना मिळून एकच उपकरण मानणारं ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ तयार करून घड्याळांमधला फरक भरून काढणारं ‘ड्रिफ्ट करेक्शन’ चालू करता येतं. अडीनडीला तेही चालतं.

इंटरफेस आला की दुसरा घोळ: एक वक्ता फक्त डाव्या कानात, दुसरा फक्त उजव्या. इनपुट १ आणि २ ला सॉफ्टवेअर स्टिरिओची जोडी समजतं. एकाच कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याला मग अर्धीच मुलाखत मिळते. ओबीएस या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या सोर्सला ‘मोनो’ करा.

आता मुख्य दुखणं. आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा येतो आणि दोष माइकला दिला जातो. माइक बहुधा ठीकच असतो. तुमचा आवाज शेजाऱ्याच्या माइकमध्येही शिरतो, पण थोडा उशिरा. ती वाट ३४ सेंटिमीटरने लांब असली तर सुमारे १ मिलिसेकंदाचा उशीर होतो, आणि तेवढ्याने ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज कापला जातो. तोंडापासून माइक १५ सेंटिमीटरवर असेल तर दोन माइकमध्ये त्याच्या तिप्पट, म्हणजे निदान ४५ सेंटिमीटर ठेवा. कार्डिऑइड माइकची (समोरचं जास्त आणि मागचं सर्वांत कमी ऐकणाऱ्या माइकची) पाठ शेजाऱ्याकडे करा. जो बोलत नाही त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घ्या, कारण उघडे माइक दुप्पट झाले की खोलीतली गुणगुण सुमारे ३ डेसिबलने वाढते.

हळू आवाजात बोलणाऱ्यासाठी गेन, म्हणजे इनपुटचा आवाज वाढवणारं बटण, चढवत राहू नका. माइक निम्म्या अंतरावर आणला की जवळपास ६ डेसिबल आपोआप मिळतात, शिवाय खोलीचा आवाज वाढत नाही. कुणी मोठ्याने हसलं तरी मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. शून्याला आपटून फाटलेला आवाज थेट प्रसारणात परत आणता येत नाही. कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज लागते) मुकाच असेल तर आधी इंटरफेसवरचं, केबलमधून ती वीज देणारं ४८ व्होल्टचं फँटम बटण बघा.

घोळ नेमका कुठे आहे ते शोधायला सगळे माइक म्यूट करा, हेडफोन लावा, एकालाच बोलत राहायला सांगा. आधी त्याचा माइक उघडा, मग बाकीचे एकेक करून. ज्या माइकने त्याच्या आवाजाचा पोत बदलला, तो हलवा. ही तपासणी स्पीकरवर करू नका, तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

आणि पाहुणा कॉलवरून जोडलेला असेल तर त्याच्याकडे परत जाणाऱ्या मिक्समधून त्याचाच आवाज वगळा. स्वतःचे शब्द उशिराने कानावर पडले की चांगला वक्ताही अडखळतो.