तोंडातला ग्लोमस ट्यूमर: निदानातल्या या चुका टाळा

ग्लोमस ट्यूमर (रक्तवाहिन्यांभोवतीच्या बदललेल्या स्नायूपेशींची, बहुधा सौम्य गाठ) म्हटलं की नखाखालची ठणकणारी गाठ आठवते. तोंडात तो क्वचितच सापडतो. सापडला तर बहुधा ओठात, त्यातही वरच्या. टाळू, जीभ, हिरडी, गालाची आतली बाजू इथेही त्याची नोंद आहे.

पहिली चूक म्हणजे दुखण्यावर भिस्त ठेवणं. गार लागताच कळ येणं हे बोटातल्या गाठीचं लक्षण. तोंडातली गाठ पुष्कळदा दुखतच नाही. मग ओठातली निळसर, मऊ गोळी पाहून तपासणीच्या फॉर्मवर ‘म्युकोसील’ (लाळ साठून झालेली गाठ) लिहिलं जातं. पण म्युकोसील मुख्यतः खालच्या ओठात होतो. वरच्या ओठातली गाठ महिनोन्‌महिने तशीच राहत असेल, तर लाळग्रंथीची किंवा रक्तवाहिनीची गाठ आधी मनात धरा. छोटी असेल तर तुकडा न घेता अख्खीच काढा आणि चिमट्यात दाबू नका. दाबलेल्या पेशींची गोल केंद्रकं ओढल्यासारखी लांबट होतात आणि ओळखीची खूणच जाते. नमुना सलाइनमध्ये पाठवू नका. तो 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याच्या निदान दहापट द्रवात, किमान 6 तास ठेवा.

स्लाइडवर घाई इथे नडते. ग्लोमस पेशी एकसारख्या, गोल किंवा बहुकोनी असतात; सायटोप्लाझम फिकट गुलाबी, केंद्रक बरोबर मधोमध आणि नाण्यासारखं गोल, पेशीची कड स्पष्ट. पीएएस स्टेन (पेशीभोवतीचं पातळ आवरण दाखवणारा रंग) केला की प्रत्येक पेशीभोवती बारीक गुलाबी रेघ उमटते, फरशीच्या सांध्यांसारखी. पेशींचे दाट थर असतील तर त्यात दडलेल्या बारीक रक्तवाहिन्या नजरेतून सुटतात. ग्लोमँजिओमात (याच गाठीचा रक्तवाहिन्या ठळक असलेला प्रकार) उलटं होतं: रक्तवाहिन्या रुंद, रक्ताने भरलेल्या, आणि भिंतीबाहेर ग्लोमस पेशींचे जेमतेम एक-दोन थर. ‘हिमँजिओमा’ (साधी रक्तवाहिन्यांची गाठ) म्हणून रिपोर्ट जातो तो अशाच स्लाइडचा. चपट्या एंडोथेलियमच्या (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) लगेच बाहेर गोल केंद्रकांची रांग आहे का, हे मोठ्या पॉवरवर पाहा. शंका असेल तर ब्लॉकचे आणखी सेक्शन कापून घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकट्या एसएमएवर (स्नायूपेशींतलं एक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या चाचणीवर) निदान करणं. या पेशी बदललेल्या स्नायूपेशी आहेत, त्यामुळे एसएमए पॉझिटिव्ह येणारच. पण टाळूवरचा मायोएपिथेलिओमाही (लाळग्रंथीची एक गाठ) एसएमए आणि कॅल्पोनिन हे दुसरं स्नायू-प्रथिन दाखवू शकतो. म्हणून केराटिन आणि एस-100 या चाचण्या सोबत लावा: मायोएपिथेलिओमात ते साधारणपणे पॉझिटिव्ह, ग्लोमसमध्ये निगेटिव्ह. कोलॅजन-4 प्रत्येक पेशीभोवती जाळी दाखवतं, एच-काल्डेस्मॉनही मदतीला येतं. सीडी-31 फक्त रक्तवाहिन्यांच्या अस्तरात दिसायला हवा. एसएमए वाचण्याआधी त्याच सेक्शनमधली साधी रक्तवाहिनी पाहा. तिची भिंत रंगली नसेल तर तो निगेटिव्ह निकाल धरायचा नाही. मायोपेरिसायटोमा (याच्याच जवळची, रक्तवाहिनीभोवतीच्या पेशींची गाठ) मात्र या चाचण्यांच्या पॅनेलने वेगळा निघत नाही. तिथे रक्तवाहिनीभोवती वर्तुळात रचलेल्या लांबट पेशी शोधाव्या लागतात.

नावाचाही घोळ होतो. ‘ग्लोमस जुगुलारे’ हा पॅरागँग्लिओमा (मज्जासंस्थेशी नातं असलेल्या पेशींची गाठ) आहे, ग्लोमस ट्यूमर नव्हे. त्यात क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन या चाचण्या पॉझिटिव्ह, मुख्य पेशींत एसएमए निगेटिव्ह. एकट्या सिनॅप्टोफायसिनवरही विसंबू नका; जठरातल्या ग्लोमस ट्यूमरमध्ये ते अधूनमधून रंगतं.

विचित्र, मोठी केंद्रकं दिसताच ‘मॅलिग्नंट’ (कर्करोगी) लिहू नका. मायटोसिस (पेशीविभाजन) नसेल तर तो सिम्प्लास्टिक ग्लोमस ट्यूमर, म्हणजे सौम्यच. ठळक अटिपिया (केंद्रकांचं विचित्र रूप) आणि 50 हाय पॉवर फील्डमध्ये 5 किंवा अधिक मायटोसिस, किंवा विकृत मायटोसिस, हे सापडलं तरच तो शब्द वापरा. मोजणी सर्वांत दाट भागात करा आणि आकडा रिपोर्टमध्ये लिहा. सोबत कडांची स्थितीही लिहा, कारण गाठ परत येते ती बहुधा अर्धवट निघाल्यामुळे.