ऊसतोड बाईला पिशवीच्या ऑपरेशनबद्दल विचारायचं तर

गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांची पाहणी करायची, फॉर्म भरायचे, तर दिवसा फडात (ऊसतोड चालू असलेल्या शेतात) जाऊ नका. कोयत्यातलं, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीतलं, एक माणूस उठलं की गाडी भरायला उशीर होतो, आणि खाडा (कामावर गैरहजेरी) पडला तर त्याचे पैसे दोघांच्या अंगावर चढतात. आपल्या फॉर्मपायी कुणाचा खाडा होता कामा नये. संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जा, तेही सोबत बाईच घेऊन. ती भाकरी थापत असेल तर थापू द्या, हात चालू असले की बोलणं मोकळं होतं. मुकादम किंवा नवरा शेजारी येऊन बसला तर रेशन, पाणी, पोरांची शाळा यांवर बोला. पिशवीचा विषय तेव्हा काढायचाच नाही.

‘वय किती होतं?’ याला बहुतेक जणी ‘असंल तिशीच्या आत’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘मावशी, तवा थोरली पोरगी कितवीला होती?’ यावरून साल जवळपास नक्की लागतं. मग ‘डॉक्टर काय म्हणाले?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ‘कॅन्सरची भीती घातली का?’ असं आपण कधीच विचारायचं नाही. तो शब्द तिच्या तोंडून आला तरच लिहायचा, आणि तिच्याच बोलीत. पैसे कुठून आणले, हेही विचारा. उत्तर उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) असेल तर ती कशी फिटली, तेही.

कागद बहुधा पत्र्याच्या पेटीत असतात. डिस्चार्ज कार्डावर अंडाशयंही काढलीत का, ते बघा. तरुणपणी ती गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात. काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट आहे का, तेही नोंदवा. फोटो मात्र काढू नका.

२०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहांत एक. एवढं माहीत असताना नुसते आकडे गोळा करणं मला पटत नाही. कंबरदुखी, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं यांवर उपचाराची सोय आधी लावा, मगच फॉर्म छापा. कोणत्या सरकारी दवाखान्यात, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं, हे आपण निघण्याआधी तिला सांगा.

पट्टा पडून, म्हणजे तोडणीचा हंगाम संपून, माणसं गावी परतली की निष्कर्ष आधी त्यांना वाचून दाखवा. बैठक अंगणवाडीत घ्या, मुकादमाच्या ओसरीवर नको.