तीन गेजचा जिल्हा : सोलापुरात मॉडेल रेल्वेचा मेळावा कसा भरवावा आणि कसा पाहावा

वाफेच्या इंजिनांच्या काळात सोलापूर जिल्ह्यात तीन वेगवेगळ्या रुंदीचे, म्हणजे तीन गेजचे, रूळ होते (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर). मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात सुरू झाला. कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे या कंपनीची अडीच फुटी, म्हणजे नॅरोगेज, गाडी धावू लागली. मॉडेल रेल्वेचा छंद असणाऱ्याच्या दृष्टीने ही संपत्ती दुर्मीळ आहे. तरीही आपल्याकडील अनेक हौशी मंडळी परदेशी डोंगर, परदेशी स्थानके आणि परदेशी डबे यांचीच प्रतिकृती मांडतात, कारण बाजारात तयार मिळते ते तेच. क्लबचा मेळावा आणि वाफेच्या इंजिनाचा इतिहास या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने कशा रंगवता येतील, हे येथे सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

प्रथम एक स्थानक आणि एक काळ निवडावा. “भारतीय रेल्वे” हा विषय मॉडेलसाठी फार मोठा आहे, तर “१९३० च्या सुमारासचे कुर्डुवाडी” हा विषय चार जणांना वर्षभर पुरतो. काळ ठरला की कोणते इंजिन, कोणता डबा, फलाटावर कोणते सामान आणि मागे कोणते दृश्य, हे प्रश्न आपोआप सुटू लागतात. ज्यांना शहरच मांडायचे असेल त्यांच्यासाठी १८७७ मध्ये उभी राहिलेली जुनी गिरणी, तिची चिमणी आणि कापसाच्या गाठी हा विषय आहेच.

मापांचा हिशेब

क्लबमधील सर्वांनी एकाच प्रमाणावर एकमत करावे, हे सर्वांत निकडीचे. एच-ओ हे प्रमाण १:८७ चे आहे आणि तीन गेज एकत्र दाखवायचे असतील तर ते सोयीचे ठरते. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर ८७ ने भागले तर सुमारे १९.३ मिलिमीटर येतात, मीटरगेजचे ११.५ आणि बार्शी लाईटच्या ७६२ मिलिमीटरचे ८.८. बाजारात तयार रूळ १६.५, १२ आणि ९ मिलिमीटरचे मिळतात. म्हणजे मीटरगेज आणि नॅरोगेज जवळजवळ अचूक साधतात, मात्र ब्रॉडगेज जवळपास तीन मिलिमीटरने अरुंद राहतो, कारण १६.५ हे माप मुळात युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या रुळांसाठी आहे. १९.३ मिलिमीटरचे रूळ हाताने टाकून प्रत्येक इंजिनाची चाके रुंद करण्यात नवख्या माणसाची उमेद संपून जाते, म्हणून सुरुवातीला ही तडजोड मनमोकळेपणाने स्वीकारावी असे माझे मत आहे. मेळाव्यात कोणी विचारलेच, तर हाच हिशेब फलकावर लिहून दाखवावा. पाहुण्यांना तो आवडतो आणि शाळकरी मुलांना भागाकाराचा उपयोगही कळतो.

वेगाचाही हिशेब करावा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी १:८७ मध्ये एक मीटर अंतर सुमारे चार सेकंदांत कापते, तर ताशी ३० किलोमीटरने जाणारी मालगाडी तेवढ्याच अंतराला दहा सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते. बहुतेक प्रदर्शनांत गाड्या याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने पळवल्या जातात, आणि वाफेच्या इंजिनाची खरी शोभा, म्हणजे दट्ट्याचे दांडे आणि चाकांना जोडणारे दांडे यांची चाल, दिसतच नाही. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात धुरांड्यातून चार फुसकारे निघतात. आवाजाची चिप बसवलेली असेल तर ही गोष्ट कान देऊन जुळवून घ्यावी.

इतिहास हाताशी ठेवणे

इंजिनाचा इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे. इंजिन तसे का घडवले गेले, हे समजले की मॉडेल करणाऱ्याची नजर बदलते. बार्शी लाईट हे याचे उत्तम उदाहरण आहे. बार्शीची मोठी बाजारपेठ मुख्य मार्गापासून दूर होती आणि तेथील माल बैलगाड्यांनी स्थानकापर्यंत आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने असा विचार मांडला की, रूळ हलके आणि स्वस्त ठेवायचे असतील तर इंजिनापासून वाघिणीपर्यंत (मालडब्यापर्यंत) कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. मग ताकदवान इंजिन कसे मिळवायचे? उत्तर होते भार अधिक आसांवर वाटून देण्याचे. लीड्सच्या किटसन कारखान्याने ०-८-४ रचनेची टाकीवाली इंजिने बांधली, म्हणजे पुढे आधाराचे एकही चाक नाही, मधे ओढणारी आठ चाके आणि मागे चार आधाराची चाके, असे एकूण सहा आस. वाघिणीही बोगीवर, म्हणजे वळणावर स्वतंत्रपणे फिरणाऱ्या चाकांच्या चौकटींवर, बसवलेल्या, लांब आणि वजनाच्या मानाने भरपूर माल वाहणाऱ्या होत्या. हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला, तर १९५४ मध्ये सरकारने तो विकत घेतला. विशेष म्हणजे बार्शीत पारखलेली ही तत्त्वे कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ मध्ये उघडलेल्या अडीच फुटी मार्गावर नेली. विद्या विलायतेतून इकडे येते असे मानण्याच्या त्या काळात ती आपल्या बार्शीहून तिकडे गेली, याचा सोलापूरकरांनी मेळाव्यात अभिमानाने उल्लेख करावा.

हे माहीत असणारा हौशी कलावंत बार्शीच्या गाडीला आखूड, चार चाकी वाघिणी जोडणार नाही. नॅरोगेज आहे म्हणून इंजिन खेळण्यासारखे इवलेसेही करणार नाही.

मोठ्या रुळांवरील इंजिने ओळखण्यासाठी अक्षरांची किल्ली पाठ करावी. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी. दुसरे अक्षर पी असेल तर प्रवासी गाडीचे इंजिन, जी असेल तर मालगाडीचे. डब्ल्यूपी हे ४-६-२ रचनेचे, गोलसर नाकावर तारा मिरवणारे इंजिन १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून प्रथम आले. चित्तरंजन कारखान्याचे पहिले इंजिन १९५० मध्ये बाहेर पडले, ते २-८-२ रचनेचे डब्ल्यूजी होते. त्याच कारखान्याने १९७० मध्ये शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन बांधले. भारतातील ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली. काळ निवडताना या तारखा उपयोगी पडतात, कारण १९३० च्या कुर्डुवाडीत डब्ल्यूपी उभे केले तर जाणकार प्रेक्षक लगेच थबकतो.

पुस्तकांत न सापडणारी माहिती मात्र सोलापुरातच आहे. येथे रेल्वेचे विभागीय कार्यालय असल्यामुळे निवृत्त चालक, फायरमन आणि कारखान्यातील कारागीर अनेक घरांत भेटतात. त्यांच्याकडे जाताना “तुमच्या आठवणी सांगा” असे मोघम विचारू नये. आग पातळ पसरायची की मागे जाड ठेवायची, निकृष्ट कोळसा आला की काय करायचे, पाणी कोणत्या स्थानकावर भरायचे, राख कोठे पाडायची, रात्रीच्या पाळीला जेवणाचा डबा कोठे गरम करायचा, असे नेमके प्रश्न विचारावेत. त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. ही माणसे आता उतारवयात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, ही कळकळीची विनंती आहे.

मेळावा पाहणे आणि भरवणे

स्वतःचा मेळावा भरवण्यापूर्वी चांगली मांडणी पाहून यावी. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेल्यास कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एका दिवसात पाहून परतता येते. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयात एकाच वेळी अनेक गाड्या कशा नियंत्रित होतात, हे शांतपणे न्याहाळावे. पहिल्यांदा गाड्या पाहाव्यात, दुसऱ्यांदा केवळ सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा) आणि सिग्नल पाहावेत, आणि शक्य असेल तर चालवणाऱ्यांना देखभालीविषयी विचारावे. पुण्याच्या पुढे मुंबईकडे जाताना बोरघाटातून जाण्याचा योग कधी आला, तर तेथील १:३७ चा चढ लक्षात ठेवावा. तो सुमारे २.७ टक्के होतो, आणि मॉडेलवरही लांब गाडी ओढायची असेल तर याहून तीव्र चढ देऊ नये.

सोलापुरात मेळाव्यासाठी संक्रांतीनंतरचे, गड्ड्याची जत्रा आटोपत आल्यानंतरचे दिवस उत्तम. एप्रिल-मे टाळावेत. आपल्याकडील कोरड्या उन्हात लाकडी चौकट आकसते आणि रूळ प्रसरण पावतात. जोडांमध्ये बारीक फट ठेवली नसेल तर सरळ रूळ वाकडे होतात. धूळ हा दुसरा शत्रू आहे. गाड्या सुरू करण्याआधी आणि मध्यंतरात रुळांचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावा. पॉलिश कागद वापरू नये, कारण त्याने पडलेल्या चऱ्यांत मळ अधिक साचतो.

प्रत्येकाच्या घरी जागा कमी असते, म्हणून मांडणी तुकड्यांत करावी. एन या १:१६० प्रमाणात टी-ट्रॅक नावाची पद्धत जगभर रूढ आहे. तिच्यात सुमारे ३१ सेंटिमीटर लांबीच्या पेट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून रूळ जोडले जातात. तेच तत्त्व एच-ओसाठी घ्यावे. पेटीची उंची आणि कडेला रूळ येण्याची जागा सर्वांची एकसारखी, आत मात्र ज्याचे त्याने हवे ते दृश्य रचावे. एकाने होटगीचे जंक्शन करावे, दुसऱ्याने ज्वारीचे शेत, तिसऱ्याने भीमेवरचा पूल.

आता मेळाव्याच्या गाभ्याकडे येतो. गाड्या गोल गोल फिरवत ठेवल्या तर पाहुणे दहा मिनिटांत बाहेर पडतात. त्याऐवजी वेळापत्रकाने काम चालवावे. कुर्डुवाडीचा खेळ असा रचता येईल : ब्रॉडगेजची मेल फलाटाला लागते, शेजारी पंढरपूरची नॅरोगेज गाडी उभी आहे, प्रवासी आणि टपाल उतरवून घ्यायला सात मिनिटे आहेत, आणि मागून लातूरकडून कापसाच्या वाघिणी आल्या आहेत, ज्यांतील गाठी मोठ्या वाघिणीत चढवायच्या आहेत. एक जण स्टेशन मास्तर होतो, दोघे चालक, एक सांधेवाला. एकेरी मार्गावर चालकाच्या हाती गोळा, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण (टोकन), दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. त्यासाठी एक रंगवलेला लाकडी मणी पुरतो. आषाढीच्या काळातील खेळ असेल तर जादा गाड्या सोडाव्यात. मग स्टेशन मास्तरची जी तारांबळ उडते, ती पाहून गेज बदलण्याच्या स्थानकावर माणसांना किती कष्ट पडत असतील हे प्रेक्षकांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळते.

खेळ सुरू असताना एकाने केवळ निवेदन करावे, गाडी चालवू नये. निवृत्त चालकांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी आणि मधूनमधून त्यांनाच बोलते करावे. मुलांना नियंत्रक हातात द्यावा, पण इंजिन उचलायचे ते दांड्यांना हात न लावता दोन्ही बाजूंनी धरून, हे आधी शिकवावे. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू त्यांच्या हाताबाहेर असावी. रुळांत जाणारा १२ व्होल्टचा प्रवाह निरुपद्रवी असतो.

गाड्या आवरण्यापूर्वी प्रत्येक इंजिनाची चाके पुसावीत, कोणते इंजिन कोठे अडले याची वहीत नोंद करावी, आणि पाहुण्यांपैकी कोणी जुने छायाचित्र, तिकीट किंवा वेळापत्रक दाखवायला आणले असेल तर ते तेथेच टिपून मूळ वस्तू परत करावी. पुढच्या मेळाव्याची तारीख आणि त्याचे स्थानक त्याच संध्याकाळी ठरवावे.