वणव्याआधी मोबाईल डेटाची तजवीज

२०१८ साली कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो कॉम्प्लेक्स वणव्यात सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाचा डेटा, 'अनलिमिटेड' प्लॅन असूनही, मर्यादा ओलांडताच व्हेरायझन कंपनीने नेहमीच्या वेगाच्या सुमारे दोनशेव्या हिश्शापर्यंत मंद केला होता. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले आणि नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. म्हणून तिथल्या सत्तरी तालुक्यातील स्वयंसेवकांनी उन्हाळ्याआधीच ही तयारी करावी.

प्लॅनच्या अटींतील बारीक अक्षरे वाचून दैनंदिन मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसपर्यंत घसरतो, आणि त्या वेगाने धुराचा एक साधा फोटोही लवकर जात नाही. गटाकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असावीत.

व्हॉट्सॲपमधील फोटो-व्हिडिओंचे आपोआप डाउनलोड बंद ठेवावे (डेटा बहुधा इथेच नकळत संपतो) आणि परिसराचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्यावा. आग दिसताच ११२ वर साधा कॉल करावा, त्याला डेटा लागत नाही. मात्र रेंज नसलेल्या डोंगरउतारावरून निरोप पोहोचवण्यासाठी एक माणूस आधीच नेमून ठेवावा.