रायगड दिसला की थांबा!

राजगड-तोरणा-रायगड ट्रेक करणारे आपण पुणेकर राजगडाच्या संजीवनी माचीवर जपून पाय टाकतो आणि शेवटच्या दिवशी रायगड दिसला की सुसाट सुटतो. पाय मुरगळतात ते तेव्हाच.

मोहरी गावाजवळच्या रायलिंग पठारावरून लिंगाण्याच्या सुळक्यामागे रायगड अगदी हाताशी वाटतो. वाटतो फक्त! मध्ये बोराट्याची नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद, उभी घळ उतरायची असते, आणि तिथले दगड सुटे. तीन दिवस चालून दमलेल्या मांड्या उतारावर ब्रेक लावायला कमी पडतात, मग सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून मोहरीत मुक्काम करा, पाणी भरा, पोटभर खा आणि नाळेत सकाळीच शिरा. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट आवळा, म्हणजे बोटं पुढे आपटून नखं काळी पडत नाहीत. (नखं दोन दिवस आधी घरीच कापलेली बरी.) एकाच्या डोक्यावर दुसरा अशी रांग नको, वरच्याचा दगड खालच्याला लागतो. एकजण आडोशाला पोचला की मगच पुढचा.

खाली कोकणातला दमट उकाडा घाटमाथ्यापेक्षा जास्त घाम काढतो. पाण्यात चिमूटभर मीठ-साखर टाका.

त्याच संध्याकाळी गड चढायचा हट्ट मला तरी पटत नाही. पायथ्याच्या पाचाड गावात झोपा, जड सॅक तिथेच ठेवा, पहाटे हलक्या अंगाने पायऱ्या चढा. गुडघा बोलत असेल तर रोपवे आहेच. परतीला महाडहून पुण्याची एसटी मिळते. वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवा.