मका घरात येण्याआधीची तयारी

बडोद्यातल्या ज्या मराठी घरांची वाघोडिया, सावली, डभोईकडे थोडीफार शेती आहे, किंवा ज्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं गाव हालोल-गोधऱ्याच्या बाजूला आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे. मका खळ्यावर यायच्या निदान आठवडाभर आधी कामाला लागा. नंतर आपल्या हातात फारसं काही राहत नाही. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दाण्यात एकदा तयार झालं की धुवा, दळा, रोटला खरपूस भाजा, ते जात नाही.

सगळ्यात आधी ताडपत्र्या काढा, उन्हात पसरून भोकं बघा आणि सांधून घ्या. कणसं मातीवर वाळत घालायची नाहीत, कारण ही बुरशी मातीतच असते. एक ताडपत्री खाली अंथरायला आणि एक वर टाकायला हवी, कारण कापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस येतो. 1974 साली हेच झालं होतं. पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला, मका ओलाच साठवला गेला आणि घरोघरी तोच खाल्ला गेला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. 397 माणसं आजारी पडली आणि त्यांतली 106 दगावली. तोच मका खाणारी गावातली कुत्रीही मेली. हे आपल्या शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यातही घडलंय, हे बडोद्यात फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं.

आता कोठी. जुनं धान्य पूर्ण उपसा, तळाचा भुसा झाडून काढा, कोठीला दोन दिवस कडक ऊन दाखवा. जुन्यावर नवं ओतू नका. पोती ठेवायला लाकडी फळ्या आणून ठेवा. जमिनीला आणि भिंतीला पोतं टेकलं की ओल धरतंच. सोंडे-भुंगेरेही बघा, किडीने पोखरलेल्या दाण्यात बुरशी लवकर शिरते.

एक काचेची रुंद तोंडाची बरणी आणि थोडं मीठ बाजूला काढा. मका वाळला की नाही हे दाताखाली दाणा फोडून ठरवायची आपली सवय चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. कोरड्या बरणीत पाव भाग दाणे घाला, वर दोन-तीन चमचे मीठ टाका, झाकण घट्ट लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं बरणी तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात अजून 15 टक्क्यांहून जास्त ओल आहे, कोठीत भरायचा नाही. मीठ सुटं राहिलं तरी मी एक ऊन आणखी द्यायला सांगेन, कारण साठवणीला 13 टक्क्यांच्या आत यायला हवं. आणि उन्हातून आणलेला गरम मका लगेच पत्र्याच्या कोठीत भरू नका. रात्री झाकणाखाली घाम सुटतो आणि वरचा थर भिजतो.

निवडायला दोन माणसं, सुपं आणि तोंड-नाकाला बांधायला फडकी लागतील. काळे, हिरवट, फुटके, सुरकुतलेले दाणे काढायचे. विष सगळ्या राशीत सारखं पसरलेलं नसतं, बहुतेक थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून हाताने निवडण्याला एवढी किंमत आहे. शेंगदाण्यात तर दुप्पट लक्ष द्या. आपल्याकडे चांगले टपोरे दाणे वेगळे ठेवतात आणि आक्रसलेले, डागाळलेले दाणे भाजून कुटात घालतात. ते कूट मग लहान मुलांच्या खिचडीतही जातं. कृपा करून हे बंद करा. दाणा कडवट लागला तर थुंकून टाका. मात्र चव बरी लागली म्हणजे दाणा निर्धोक, असं समजू नका. कायद्याने धान्यात किलोमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एवढं कमी विष जिभेला किंवा डोळ्याला कळणं शक्य नाही, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्याला तो आणखीच जास्त.

निवडून काढलेलं कुठे टाकायचं, हेही आधीच ठरवा. विहिरीपासून लांब खड्डा खणून ठेवा. गाईला घालू नका, बुरशीची पेंडही नको, ते विष रूप बदलून दुधात उतरतं. कोंबड्यांनाही नको. आणि "तुम्ही न्या, धुऊन खा" म्हणून शेतावरच्या मजुराच्या पदरात तर मुळीच घालू नका. घरात आपण जे खाणार नाही, ते त्यांच्या मुलांनीही खायला नको.

शेवटचं म्हणजे कागदाच्या काही पिशव्या घरात असू द्या. एकाच घरात दोघा-तिघांचे डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, किंवा अंगणातलं कुत्रं मेलं, तर ते धान्य तिथल्या तिथे बंद करा. मूठ-दोन मूठ दाणे कोरड्या पिशवीत घ्या आणि माणसांसोबत तेही दवाखान्यात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात नमुना ओला राहून बुरशी वाढत जाते.