चार कोटी अंकांची संख्या न लिहिता तिचे अंक कसे मोजायचे

अवाढव्य संख्या दिसली की लोक ती आधी कॅल्क्युलेटरमधे टाकतात, तिथे एरर आला की एक्सेलमधे, आणि तिथेही एरर आला की 'प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय होणार नाही' म्हणून मोकळे होतात. होतं हो. वही-पेन पुरतं, मात्र एका ठिकाणी डोकं शांत ठेवावं लागतं.

उदाहरणाला २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. जिम्प्स या प्रकल्पातून (यात लोक आपापल्या संगणकांवर अवाढव्य मूळ संख्या शोधतात) ल्यूक ड्युरंट नावाच्या संशोधकाने ऑक्टोबर २०२४ मधे शोधलेली मूळ संख्या ती हीच. ती मूळ आहे हे वहीत सिद्ध करायच्या नादी लागू नका, पण अंक किती, सुरुवात काय, शेवट काय एवढं अर्ध्या तासात निघतं.

अंक मोजताना तो वजा १ विसरा. २ च्या कुठल्याच घाताच्या शेवटी शून्य येत नाही, त्यामुळे १ काढल्याने अंक कमी होत नाहीत.

आता लॉग, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती संख्या येते तो आकडा. घातांकाला २ च्या लॉगने गुणायचं, उत्तराच्या पूर्णांकात १ मिळवला की अंकांची संख्या. सोपं वाटतं ना? मी इथेच दोन संध्याकाळी घालवल्यात. शाळेत पाठ केलेला लॉग म्हणजे ०.३०१०३, तो घेतला तर गुणाकार येतो ४,१०,२४,३२०.५३६२३, म्हणजे अंक ४,१०,२४,३२१. खरं उत्तर आहे ४,१०,२४,३२०! एका अंकाचा फरक, आणि मी आपला गुणाकार पुन्हा पुन्हा तपासत बसलो, गुणाकार बरोबरच होता, चुकीचा होता तो लॉग.

खरा लॉग ०.३०१०२९९९५६६३९८ असा आहे, म्हणजे ०.३०१०३ पेक्षा ०.००००००००४३३६०२ ने कमी. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटतं, पण त्याला १३,६२,७९,८४१ ने गुणा, ०.५९०९१२ होतात. ते वरच्या उत्तरातून वजा केले की ४,१०,२४,३१९.९४५३१८ आणि १ मिळवून ४,१०,२४,३२०. 'पाच दशांश स्थळं पुरतात' हा सल्ला छोट्या घातांकाला ठीक आहे, इथे तो सरळ चुकीचा आहे. माझा हिशोब असा, घातांकात जितके अंक तितकी स्थळं आणि वर निदान चार-पाच. इथे ९ अंक, म्हणून १४ स्थळं. आणि अख्खा गुणाकार मोबाईलवर एकदम करू नका, स्क्रीनवर मावत नाही आणि नेमके शेवटचे दशांश कापले जातात. ०.३०१०३ चा वेगळा, फरकाचा वेगळा असे दोन तुकडे करा, मग वजाबाकी.

सुरुवातीचे अंक आता फुकट मिळतात. दशांशातला ०.९४५३१८ घ्या आणि १० चा तितका घात काढा, ८.८१६९ येतो, म्हणजे संख्या ८८१६९ ने सुरू होते. चुकीच्या लॉगने हीच सुरुवात ३४ अशी आली असती.

शेवटचे दोन अंक काढायला २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक लिहीत जा, दर २० घातांनी तेच परत येतात. घातांकाला २० ने भागून बाकी १ उरते, आणि लोक लगेच '२ चा पहिला घात २, वजा १, म्हणून ०१' लिहून टाकतात. चूक. ते चक्र ०४ पासून सुरू होतं, सुरुवातीचा एकटा २ त्यात परत कधी येत नाही, तेव्हा २१ वा घात बघायचा, २०,९७,१५२. शेवट ५२, वजा १, म्हणजे ५१.

९ ने भागून बाकी हवी असेल तर २, ४, ८, ७, ५, १ हे सहाचं चक्र आहे, घातांकाला ६ ने भागून ५ उरतात, पाचवा आकडा ५, वजा १, बाकी ४. इथे ०, ३ किंवा ६ आले तर पुन्हा करा, कारण मग संख्येला ३ ने भाग जाईल आणि ती मूळ राहणारच नाही.